टप्प्याटप्प्याचा सौदा : लिव्हरमोरच्या दोन ग्रंथांतील कापूस

वायद्याचा सौदा एकदम करावा की टप्प्याटप्प्याने, हा प्रश्न वायदेबाजाराइतकाच जुना असावा. ओसाका येथील दोजिमा तांदूळबाजारास शोगुनशाहीने १७३० साली अधिकृत मान्यता दिली. तेथे प्रत्यक्ष तांदळाबरोबर केवळ वहीवरील तांदळाचाही व्यवहार होत असे, व मुदत भरली म्हणजे बहुधा भावांतील फरकाचीच देवघेव होई. घसरत्या भावात खरेदी वाढवून सरासरी खाली आणण्यास जपानी व्यापारी भाषेत ‘नान्पिन’ अशी संज्ञा आहे. तिची फोड ‘अडचण’ आणि ‘सपाट करणे’ अशी होते. मराठीत याच क्रियेस ‘सरासरी करणे’ म्हणतात. फारसी ‘सरासर’ शब्दापासून आलेला हा शब्द दिसावयास अगदी निरुपद्रवी आहे. मूळ अडचणीचा त्यात मागमूसही नाही. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

सौद्यात भर दोन प्रकारांनी घालता येते. तोटा होत असता घातलेली भर ही उतरती, आणि नफा होत असता घातलेली ती चढती. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात एक वायदा ५०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे १०० गाठींचा असे. त्यामुळे भावात एका सेंटाचा फरक पडला की वायद्यामागे ५०० डॉलर इकडचे तिकडे होत. समजा, १० सेंटांस एक वायदा घेतला, ९ सेंटांस दुसरा आणि ८ सेंटांस आणखी दोन. सरासरी ८.७५ वर आली, आणि खरेदीदारास वाटले की आपण मूळ भावापेक्षा सव्वा सेंटाने स्वस्त झालो. परंतु भाव ७ वर गेला तर त्याचा तोटा ३,५०० डॉलरांचा होतो. पहिल्या एकाच वायद्यावर तो थांबला असता तर १,५०० डॉलरांचाच झाला असता. सरासरी सुधारते, स्थिती बिघडते.

चढती भरही निर्धोक नाही. १०, १०.५, ११ आणि ११.५ सेंटांस अनुक्रमे चार, तीन, दोन व एक असे वायदे घेतले तर सरासरी १०.५ पडते, तीच संख्या उलट क्रमाने, म्हणजे एक, दोन, तीन, चार अशी घेतली तर ११. दोन्हीकडे वायदे दहाच. पण भाव ११.५ वरून अर्धा सेंट उतरला की दुसऱ्याचा सर्व नफा नाहीसा होतो, आणि पहिल्याचा निम्मा उरतो. रुंद पाया आणि निमुळते टोक असल्यामुळे या पद्धतीस मनोऱ्याची उपमा देतात, ती सार्थ आहे.

या विषयाच्या इतिहासात जेसी लिव्हरमोर (१८७७–१९४०) याचे नाव वारंवार येते. मात्र त्याच्यासंबंधीची साधने एका मोलाची नाहीत. एडविन लेफेव्हर याचे ‘रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर’ (१९२३) हे पुस्तक लॅरी लिव्हिंग्स्टन या कल्पित नावाने लिव्हरमोरचीच कथा सांगते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते चरित्रही नव्हे आणि निखळ कादंबरीही नव्हे. ‘हाऊ टू ट्रेड इन स्टॉक्स’ (१९४०) हे मात्र त्याने स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. पहिल्या पुस्तकातील आकडे पुराव्यादाखल घेणे साहसाचे ठरेल. तरीही त्यातील प्रसंगांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यात कापसाचे दोन प्रसंग जवळजवळ येतात. एकात नायक जुलैचा कापूस चढत्या भावात घेत जातो व १,४०,००० गाठींवर पोहोचतो. एवढा माल विकावयाचा कोणाला? त्याने जुलैचा कापूस कोंडीत धरल्याची बातमी वृत्तपत्रात झळकते, खरेदीदारांची झुंबड उडते, आणि त्या झुंबडीतच तो सर्व माल काढून टाकतो. मोठ्या मालाच्या धन्यास स्वतःच्या इच्छेने विकता येत नाही. बाजार घेईल तेव्हा विकावे लागते. टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याच्या चर्चेत ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

दुसऱ्या प्रसंगात पर्सी टॉमस नावाच्या कापूसतज्ज्ञाच्या वाक्चातुर्याने भारून तोच नायक कापूस घेतो. भाव उतरतो तसा तो आणखी घेत जातो आणि अखेर चार लाखांहून अधिक गाठी अंगावर येतात. मध्यंतरी त्याने नफ्यातील गहू विकला आणि तोट्यातील कापूस ठेवला. पुढे गहू चढला. पूर्वीची बहुतेक कमाई त्यात गेली.

१९४० च्या ग्रंथातील कबुली आणखी बोलकी आहे. येथे बोलणारा लिव्हरमोर स्वतः आहे. कापूस चढणार हे त्याचे मत खरे होते. परंतु भावाने तशी खूण देण्यापूर्वीच तो पुनःपुन्हा खरेदीस उतरला आणि दर वेळी तोटा घेऊन बाहेर पडला. सुमारे दोन लाख डॉलर गमावल्यावर त्याने कचेरीतील कापसाच्या भावाचे यंत्रच काढून टाकविले. त्यानंतर लवकरच कापूस चढला. पहिली खरेदी थोडी करावी, ती नफ्यात आल्यावाचून दुसरी करू नये, तोट्यात भर कदापि घालू नये, हे नियम याच ग्रंथात आहेत. त्या नियमांमागे किती तोटे उभे आहेत, ते कापसाच्या कहाणीवरून कळते. यशस्वी सौद्यानंतर निम्मा नफा बाजारातून काढून वेगळा ठेवावा, असेही तो सांगतो; तरी त्याच्या आयुष्यात दिवाळखोरी एकाहून अधिक वेळा आली.

पुढे १९८३ साली शिकागो येथे रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी काही नवशिक्यांना वायद्याचे शिक्षण दिले, तेव्हा चढत्या भरीस गणिताचे रूप आले. दैनंदिन चढउताराच्या सरासरीच्या निम्म्याने भाव अनुकूल सरकला की एक समान हिस्सा वाढवावयाचा, एका मालात फार तर चार हिस्से घ्यावयाचे, आणि प्रत्येक भरीबरोबर आधीच्या हिश्शांची तोट्याची मर्यादाही वर आणावयाची. मनोऱ्याचे निमुळते टोक येथे राहिले नाही. नफ्यातील सौद्यातून बाहेर पडताना मात्र टप्पे नव्हते : ठराविक दिवसांतील नीचांक मोडला, की सर्व हिस्से एकदम विकावयाचे.