खंड्याची पालखी आणि कापडी राहुटी

माणसे आणि वस्तू वाहून नेण्याच्या साधनांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पालखी, मेणा, डोली, अंबारी, कावड, छकडा, दमणी अशी यादी सहज वाढवता येईल. यातील बहुतेक शब्दांतून साधनाबरोबरच बसणाऱ्याचा दर्जाही व्यक्त होतो. कोंडून ठेवण्याच्या जागांसाठीही भाषेने वेगवेगळे शब्द दिले आहेत: पिंजरा, खुराडे, डालगे, कोंडवाडा. या दोन शब्दगटांच्या सीमेवर उभी असलेली एक वस्तू गेल्या काही वर्षांत पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत आली आहे. घडी घालता येणारी नळ्यांची चौकट, तिच्यावर ताणलेले जाड पॉलिएस्टरचे कापड, जाळीच्या खिडक्या आणि चेनने उघडणारी दारे असे तिचे स्वरूप. ती कुत्र्यासाठी असते. दुकानदार तिला ‘सॉफ्ट क्रेट’ म्हणतात. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही, आणि बहुतेक लोक ‘कापडी पिंजरा’ असे सांगून वेळ भागवतात. हा शब्द योग्य आहे का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ शब्दाचा प्रश्न नाही. वस्तूला आपण काय म्हणतो, त्यावर ती आपण कशी निवडतो आणि कशी वापरतो हेही पुष्कळ अंशी ठरते.

कुत्र्याला वाहनात जागा द्यावी की नाही, हा वाद आपल्या परंपरेत जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या आरंभीही कुत्रा भेटतो आणि शेवटाकडेही. आदिपर्वात सरमेच्या पिल्लाला जनमेजयाचे भाऊ यज्ञभूमीवरून मारून हाकलतात. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. म्हणून सरमा जाब विचारायला येते. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हा सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून रथात चढण्यास युधिष्ठिर नकार देतो. या प्रसंगाची चर्चा आपण नेहमी युधिष्ठिराच्या धर्मनिष्ठेच्या अंगाने करतो. त्यातील एक साधी गोष्ट मात्र नजरेआड होते. त्या कुत्र्याला कोणी दोरीने बांधून आणलेले नव्हते. हस्तिनापुरापासून तो आपल्या पायांनी मागे आला होता. कुत्र्याचे हे स्वतःहून येणे पुढील इतिहासात शोधू लागलो, तर ते फारसे हाती लागत नाही.

मराठ्यांच्या इतिहासातील या संदर्भातले ठळक नाव म्हणजे सातारच्या छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. (रायगडावरील वाघ्याच्या शिल्पाबद्दलचा वाद स्वतंत्र आहे, तो येथे अभिप्रेत नाही.) शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवल्याबद्दल शाहूंनी या कुत्र्याला रीतसर सनद देऊन जहागीर आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. पालखीचा सरंजामही चालू ठेवण्यात आला, असे तो सांगतो. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुली येथे, शाहूंच्या समाधीच्या परिसरात खंड्याचेही स्मारक आहे.

डफच्या दृष्टीने हा सारा प्रकार राजाच्या बुद्धिभ्रंशाचे लक्षण होता. शाहूंनी भरदरबारात कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याची हकीकतही तो त्याच सुरात देतो. मराठी परंपरेत मात्र ही गोष्ट वेगळ्या अर्थाने सांगितली जाते. एक सरदार नको तितक्या थाटामाटात भेटीला येत होता. तेव्हा महाराज साध्या वेषात बसले आणि अलंकार त्यांनी कुत्र्याच्या अंगावर घातले, म्हणजे सरदाराला जे समजायचे ते समजले. घटना एकच असता एका वाचनात ती वेड ठरते, दुसऱ्यात राजनीती. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या दोन वाचनांतील अंतर वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे: खंड्या स्वतः दोन्हींकडे अनुपस्थित आहे. पालखी हा मान, सनद हा दस्तऐवज, आणि अर्थ लावायचा तो माणसांच्या परस्परसंबंधांचा. भोयांच्या खांद्यावर हिंदकळणाऱ्या त्या चौकटीत कुत्रा निवांत बसत होता की उडी मारू पाहत होता, हे कोणाला नोंदवावेसे वाटले नाही. पालखी हे कुत्र्याच्या गरजेतून आलेले साधन नव्हते. ज्याच्या पायांना चारी दिशा मोकळ्या होत्या, त्याला वाहून नेण्याचे प्रयोजन सन्मानापलीकडे काही असणे शक्यही नव्हते.

गरजेतून आलेले साधन पाहायचे असेल, तर दरबार सोडून रस्त्यावर यावे लागते. पावसाळा संपल्यावर पुणे जिल्ह्यातून वाटा काढीत जाणारे धनगरांचे वाडे आपल्या परिचयाचे आहेत. मोठी कुत्री मेंढरांबरोबर चालतात. ज्यांना चालवत नाही ती कोकरे, कोंबड्या आणि कुत्र्याची पिल्ले घोड्यावरील बिऱ्हाडाच्या बोज्यात बसवली जातात. येथे सनद नाही आणि मानही नाही. पिल्लाचे पाय दमतात, एवढेच कारण आहे. मुक्कामावर घोड्यावरून उतरणारे पाल आणि त्याच घोड्यावरून उतरणारे पिल्लू एकाच चालत्या संसाराचे घटक असतात. कुत्र्याला वाहून नेण्याचा हा मराठी मुलखातील बहुधा सर्वांत शहाणा प्रकार असून, त्यासाठी वेगळी वस्तू लागली नाही.

वेगळी वस्तू आली ती आगगाडीबरोबर. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला होईपर्यंत मधला टप्पा उतारूंना पालखी, तट्टू अशा साधनांनी उतरावा लागे. म्हणजे काही वर्षे पालखी आणि रेल्वे एकाच प्रवासाचे दोन तुकडे होत्या. पुढे रेल्वेने कुत्र्याला जी जागा दिली, ती गार्डाच्या डब्यातील ‘डॉग बॉक्स’ नावाच्या बंद कप्प्याची. वरच्या वर्गाचा संपूर्ण कूपे ज्याला घेता येईल, त्याचा कुत्रा मालकासमवेत जाई. इतरांचा कुत्रा सामानासारखी पावती फाडून त्या कप्प्यात जाई. पालखीने कुत्र्याला सरदार केले होते, रेल्वेने त्याला पार्सल केले. कुत्र्याच्या बाजूने पाहता फरक फार मोठा होता, असे म्हणवत नाही. धन्याचा वास, आवाज आणि ओळखीची जागा या त्याच्या तिन्ही आधारांचा विचार दोन्ही व्यवस्थांत झालेला नव्हता.

पुण्यातील घरांची रचना बदलली, तेव्हा हा प्रश्न प्रवासापुरता राहिला नाही. वाड्यातील कुत्र्याची जागा ठरलेली असे: दिंडी दरवाजा, ओटा, फार तर पहिला चौक. तो घराचा असे, घरातला नसे. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे पडले. पुढील दशकांत वाड्यांच्या जागी आणि शहराच्या कडेने सदनिका उभ्या राहिल्या. सदनिकेला ओटा नसतो. कुत्रा पाळायचा तर दिवाणखान्यातच ठेवावा लागतो, आणि तेथे पाहुण्यांच्या येण्याजाण्यात, दूरचित्रवाणीच्या आवाजात, दिवाळीच्या फटाक्यांत त्याला मागे सरकून बसण्याजोगी जागा राहत नाही. २००२ पासून द्रुतगती मार्गाने मुंबई जवळ आल्यावर कुत्र्यासह मोटारीने जाणेही वाढले. कापडी क्रेटचा उगम परदेशातला. पण पुण्यात तिला गिऱ्हाईक मिळाले ते या हरवलेल्या ओट्यामुळे, असे मला वाटते.

आता वस्तूकडे वळू. लोखंडी पिंजरा जड आणि भक्कम असतो. कापडी क्रेट हलकी, एका मिनिटात उभी राहणारी, घडी करून कपाटामागे सरकवता येणारी. या सोयीची एक अट आहे: कापडाची भिंत कुत्र्याला अडवू शकत नाही. त्याने मनावर घेतले तर जाळी फाडायला, चेन नाकाने सरकवायला किंवा सगळी चौकट कोलमडून टाकायला वेळ लागत नाही. शांतपणे आत बसण्याची सवय असलेला कुत्राच या वस्तूत बसतो. लोखंडाच्या गजांमागे कुत्र्याचा नकार दडपला जातो, कापडात तो फाटलेल्या जाळीच्या रूपाने समोर येतो. म्हणून दात येत असलेल्या पिल्लासाठी, कुरतडण्याची खोड असलेल्या किंवा एकटे पडल्यावर घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी ही वस्तू घेऊ नये. कापडाचा तुकडा गिळला गेला तर आतड्यात अडकून जिवावर बेतू शकते.

निवड करताना आधी कुत्र्याचे माप घ्यावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि उभे असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजून प्रत्येकी सुमारे १० सेंटीमीटर वाढवावे. आत त्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. बाजारात ही मापे इंचांत मिळतात. पॉमेरेनियनला साधारण २४ इंची पुरते, मध्यम चणीच्या गावठी कुत्र्याला ३६ इंची, लॅब्रॅडॉरला बहुधा ४२ इंची लागते. तरी जातीवरून अंदाज करण्यापेक्षा टेप लावणे बरे. यानंतर चार गोष्टी पाहाव्यात: नळ्यांचे सांधे पक्के बसतात का, जाळी किमान तीन बाजूंना आहे का, चेनला अडकवण्याची कडी आहे का, आणि आवरण काढून धुता येते का. चौथी गोष्ट पुण्याच्या पावसाळ्यात पहिलीइतकीच महत्त्वाची ठरते.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. मोटारीच्या अपघातात कापडी क्रेट कुत्र्याचे रक्षण करीत नाही. विमानाच्या सामानकक्षातून पाठवायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कठीण भिंतींची पेटीच लागते. एप्रिल-मेच्या उन्हात बंद मोटारीत कुत्रा ठेवणे जीवघेणे आहे. जाळीच्या खिडक्यांनी त्यात काही फरक पडत नाही.

सवय लावण्याची रीत संथ आहे. पहिले काही दिवस दार बांधून उघडे ठेवावे आणि क्रेट घरातल्या वर्दळीच्या कडेला मांडावी. आत ओळखीची सतरंजी घालावी. आधी खाऊ दाराशी, मग आत, मग पूर्ण जेवण आत. कुत्रा आपण होऊन आत पडू लागल्यावरच चेन काही सेकंद लावावी, आणि तो कुरकुरू लागण्याआधी उघडावी. सेकंदांची मिनिटे होण्यास काही आठवडे लागले तरी चालेल. बंद करताना गळ्यातील पट्टा व साखळी काढावी, ती जाळीत अडकते. प्रौढ कुत्र्यालाही सलग तीन-चार तासांहून अधिक आत ठेवू नये. पिल्लाची मर्यादा याहून बरीच कमी आहे. शिक्षा म्हणून आत घालणे हा सर्वांत मोठा अपराध, कारण एका दिवसाच्या रागाने अनेक आठवड्यांचा विश्वास जातो. ही सवय नीट लागली की पशुवैद्याकडे, कोकणातल्या नातेवाइकांच्या घरी किंवा लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतल्या खोलीत, कुत्र्याला आपली जागा सोबत नेता येते.

येथे मूळ प्रश्नाकडे परत जाता येते. ‘पिंजरा’ या शब्दाला मराठीत पोपटाच्या कैदेपासून व्ही. शांताराम यांच्या १९७२ च्या चित्रपटापर्यंत अडकण्याचाच अर्थ चिकटलेला आहे. हा शब्द घेऊन दुकानात जाणारा माणूस ‘किती वेळ कोंडता येईल’ असेच विचारतो. दिवसाचे नऊ-दहा तास घराबाहेर असणाऱ्या कुटुंबांत तो प्रश्न खरोखरच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही क्रेटमध्ये नाही. दुपारी घरी येणाऱ्या माणसाची सोय करणे किंवा कुत्रा न पाळणे हेच ते उत्तर आहे.

माझ्या मते या वस्तूला जवळचा जुना मराठी शब्द ‘राहुटी’ हा आहे. मराठ्यांच्या लष्करी तळावरची राहुटी कापडाची असे, मुक्कामागणिक उभी राही आणि उतरे. ती कोणाला कोंडण्यासाठी नव्हती. दमलेल्याने पाठ टेकावी यासाठी होती. लोक ‘क्रेट’च म्हणत राहतील, त्याला हरकत नाही. विकत घेताना मनात कोणता शब्द आहे, एवढे मात्र तपासून पाहावे. खंड्याची पालखी त्याला विचारून दिलेली नव्हती, आणि कोणी तशी अपेक्षाही केली नसती. कापडी राहुटीच्या बाबतीत कुत्र्याला विचारणे टाळता येत नाही. दार उघडे ठेवून काही दिवस थांबले, की त्याचे उत्तर मिळते.