उजनीवर सीप्लेन: आधी पाणी वाचू या

बारामतीला धावपट्टी आहे, इंदापूरला पाणी आहे. मग उजनीवर पर्यटकांना फिरवून आणणारं छोटं सीप्लेन का सुरू होऊ नये? या प्रश्नाचं उत्तर आज आपण इतिहासात शोधू.

१९३८ साली इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी कराचीहून निघून राजसमंद तलावावर, मग ग्वाल्हेरजवळ आणि पुढे कलकत्त्याला हुगळीवर उतरत. मोठं विमान पेलतील अशा पक्क्या धावपट्ट्या तेव्हा थोड्या होत्या, पाणी मात्र तयार होतं. महायुद्धात जगभर धावपट्ट्या झाल्या आणि १९५० मध्ये बीओएसीने उडत्या बोटी थांबवल्या. म्हणजे सीप्लेन ही मुळात धावपट्टी नसल्याची सोय होती. धावपट्टी असताना ते चालवायचं, तर केवळ हौसेवर पैसे मोजणारा प्रवासी लागतो.

आपल्या देशात असे प्रयत्न झाले. ३० डिसेंबर २०१० ला 'जल हंस'चं उद्घाटन झालं आणि अंदमानात सेवा सुरू झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये जुहूहून अँबी व्हॅलीला मेहएअरचं सीप्लेन गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर स्पाइसजेटने चाचणी दाखवली. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली. तिथे विमान एकच. महिन्याभरात ते देखभालीसाठी मालदीवला गेलं आणि एप्रिल २०२१ मध्ये सेवा थांबली.

आता बघा, यातला एकही प्रयत्न विमान पाण्यावर उतरेना म्हणून अडला नाही. उद्घाटनाला गर्दी असते, मंगळवारच्या दुपारी नसते. पायलटचा पगार, विमा, देखभाल हे मात्र विमान उभं असलं तरी चालूच. जोडीला दुसरं विमान नसेल, तर एका दुरुस्तीत धंदाच बंद.

उजनीचं पाणी गोडं आहे, त्यामुळे समुद्रापेक्षा गंज कमी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने सीप्लेनचे नियमही सोपे केले. पण हे पाणी एका जागी राहत नाही. धरणाचा साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६३ मृतसाठा, आणि उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये जाते. पळसदेवचं बुडालेलं मंदिर तेव्हा वर येतं. जिथे जानेवारीत विमान उतरेल तिथे मे महिन्यात चिखल असेल. हिवाळा पर्यटकांचा, तोच भिगवणच्या रोहित पक्ष्यांचाही. आणि वारा? २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले.

शिवाय या पाण्याखाली गावं आहेत. लोकांनी जमिनी दिल्या त्या शेतीच्या पाण्यासाठी. आज त्यावर मासेमारांची जाळी आहेत. उतरण्याची पट्टी आखायची तर पहिली बैठक त्यांच्यासोबत व्हायला हवी.

आमचं म्हणणं एवढंच: घाई नको. चाकं आणि फ्लोट दोन्ही असलेलं विमान मुक्कामाला बारामतीत ठेवता येईल. सुरुवातीला धावपट्टीवरूनच उडवून जलाशय वरून दाखवावा, तिकीट खपतं का ते पाहावं. तोवर वर्षभर पाण्याची पातळी, वारा आणि पक्षी यांची रोजची नोंद ठेवावी. त्यानंतरही हिशोब जुळला, तरच पाण्यावर उतरावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.