परदेशातून गिटार घेताना : किमतीची चिठ्ठी आणि खरा खर्च

गिटार शिकणाऱ्या मुलाचा हात वर्ष-दोन वर्षांत साध्या लाकडी गिटारवर बसला, की पुढची मागणी ठरलेली असते. स्नेहसंमेलनात, चर्चच्या गायकवृंदात किंवा एखाद्या लहानशा कार्यक्रमात वाजवायचे, तर आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवा. त्यासाठी पिकअप बसवलेली गिटार लागते. मग इंटरनेटवर शोध सुरू होतो. अमेरिकेतील दुकानाच्या यादीत ३०० डॉलरची किंमत दिसते, त्या मानाने इथली गिटार महाग वाटते आणि ‘तिकडूनच मागवू’ असा बेत घरात पक्का होतो. हा बेत दरवेळी चुकतोच असे नाही. मात्र परदेशातील चिठ्ठीवरची किंमत आणि घरी पोहोचलेल्या वाद्याची किंमत यांत मोठे अंतर असते. ते अंतर आधी कागदावर मांडले, तरच बेताच्या पैशांत चांगले वाद्य हाती येते.

नावापासूनच सावध

आपल्याकडील दुकानांत पिकअप असलेल्या लाकडी गिटारला सर्रास ‘सेमी-अकूस्टिक’ म्हटले जाते. परदेशात याच नावाने वेगळे वाद्य ओळखले जाते. तिथे ‘सेमी-अकूस्टिक’ म्हणजे पोकळ किंवा अर्धपोकळ अंगाची, मुख्यतः जाझ आणि ब्लूजसाठी वापरली जाणारी इलेक्ट्रिक गिटार. ती अॅम्प्लिफायरविना फार हळू वाजते. आपल्याला हवी असलेली गिटार तिकडे ‘अकूस्टिक-इलेक्ट्रिक’ किंवा ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक’ या नावाने मागावी लागते. परदेशातील नातेवाइकाला निरोप देताना एवढा एक शब्द चुकला, तर भलतेच वाद्य घरी येऊ शकते.

विजेची जोड कशी मिळते?

लाकडी गिटारला पिकअप जोडण्याची कल्पना जुनी आहे. गिब्सन कंपनीने १९५४ मध्ये ‘जे-१६०ई’ ही गिटार बाजारात आणली. बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ मध्ये हीच गिटार घेतली होती. तिच्यात इलेक्ट्रिक गिटारसारखा चुंबकीय पिकअप होता. आजच्या बहुतेक गिटारींत मात्र पिझो पिकअप असतो. ब्रिजवर तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात तिला सॅडल म्हणतात. या पट्टीखाली पिझो पदार्थाची बारीक पट्टी बसवलेली असते. तारेच्या कंपनाने तिच्यावरचा दाब बदलतो आणि त्यातून सूक्ष्म विद्युत संकेत तयार होतो. हा संकेत क्षीण असल्याने गिटारच्या कडेला प्रीअॅम्प बसवतात. तो बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो.

स्वस्त पिझोचा आवाज काहीसा कोरडा आणि टोचरा येतो. प्रीअॅम्पवर निदान खर्ज, मध्य आणि तार स्वर कमी-जास्त करण्याची सोय असेल, तर तो पुष्कळ सुधारता येतो. स्वर जुळवण्यासाठी ट्यूनर आत असला तर सोय होते; पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. खुंट्यांजवळ चिमट्याने लावायचा ट्यूनर वेगळा आणि स्वस्तात मिळतो.

आधी लाकूड, मग पिकअप

खर्चाला मर्यादा असेल, तर पहिला पैसा वरच्या तक्त्यावर खर्च करावा. आवाजाचा मोठा भाग याच तक्त्यातून येतो. स्वस्त गिटारींत तो प्लायसारखा थर चिकटवून केलेला असतो. थोड्या वरच्या किमतीत अखंड स्प्रूस लाकडाचा तक्ता मिळतो आणि तो अधिक मोकळा वाजतो. मधल्या गोल छिद्राची कड निरखून पाहावी. लाकडाच्या रेषा वरून आत सलग उतरत असतील, तर तक्ता बहुधा अखंड असतो. बाजू आणि पाठ थरांच्या लाकडाची असली, तरी या किमतीत तक्रार करू नये. यामाहाची ‘एफजीएक्स८००सी’ आणि फेंडरची ‘सीडी-६०एससीई’ ही अखंड स्प्रूस तक्ता आणि पिकअप एकत्र देणाऱ्या परवडणाऱ्या गिटारींची परिचित उदाहरणे आहेत.

दुय्यम पिकअप पुढे बदलता येतो. तक्ता बदलता येत नाही. म्हणून गिटार प्रथम तार न जोडताच वाजवून पाहावी. तशी ती कानाला आवडली नाही, तर अॅम्प्लिफायर तिच्यात गोडवा आणू शकत नाही.

आकाराचाही विचार हवा. ‘ड्रेडनॉट’ या मोठ्या आकाराचा आवाज भरदार असतो, पण लहान चणीच्या मुलाला तो काखेत अवघड जातो. नटजवळ मानेची रुंदी साधारण ४३ मिलिमीटर असेल, तर कॉर्ड धरणे सोपे जाते. बोटांनी तारा छेडणाऱ्यांना ४४.५ मिलिमीटर बरी वाटते. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला ही रुंदी ५२ मिलिमीटरच्या आसपास असते. परदेशातून मागवण्यापूर्वी हे मोजमाप इथल्या दुकानात हाती धरून ठरवता येते.

‘अमेरिकन’ गिटार कुठली?

मोठ्या अमेरिकी नावाचा मोह अनेकांना असतो. बेताच्या किमतीत मिळणारी गिटार मात्र बहुधा अमेरिकेत घडलेली नसते. टेलर कंपनीच्या कमी किमतीच्या मालिका मेक्सिकोतील तेकाते येथे तयार होतात. मार्टिनची ‘एक्स’ मालिका मेक्सिकोतीलच नावोहोआ येथे बनते आणि तिच्यात दाबून तयार केलेले लॅमिनेट वापरले जाते. इतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गिटारी चीन आणि इंडोनेशियात घडतात. या वाद्यांच्या दर्जाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आशियात घडलेली गिटार अमेरिकेला नेऊन पुन्हा भारतात आणायची, तर दोन्ही प्रवासांचा खर्च ग्राहकच सोसतो. तीच गिटार मुंबई, पुणे किंवा पणजीच्या दुकानात थेट आलेली असते. १८६५ पासून मुंबईत असलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानांतही ही नावे मिळतात. तेव्हा परदेशी किंमत पाहण्यापूर्वी नेमके तेच मॉडेल इथे केवढ्याला आहे, याची चौकशी करावी.

कुरियरचा हिशेब

गिटारचे खोके जड नसते, पण मोठे असते. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जास्त असेल ते धरतात. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागण्याची पद्धत रूढ आहे. ११५ × ५० × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन या हिशेबाने २३ किलो होते. आतील माल प्रत्यक्षात पाच-सहा किलोच असला, तरी भाडे २३ किलोचे पडते.

त्यावर सीमाशुल्क येते. ते केवळ वाद्याच्या किमतीवर आकारले जात नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून तिच्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी लागतो. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. डॉलर ९० रुपयांचा, मूळ शुल्क १० टक्के, अधिभार त्या शुल्काच्या १० टक्के आणि जीएसटी १८ टक्के धरू.

गिटारची किंमत, ३०० डॉलर : २७,००० रुपये
वाहतूक आणि विमा, १५० डॉलर : १३,५०० रुपये
मूळ सीमाशुल्क : ४,०५० रुपये
समाजकल्याण अधिभार : ४०५ रुपये
एकात्मिक जीएसटी : ८,०९२ रुपये
एकूण : ५३,०४७ रुपये

म्हणजे २७,००० रुपयांची गिटार जवळपास दुपटीने पडली. कुरियर कंपनीचे सीमाशुल्क-सेवेचे शुल्क, कार्डावरील परकीय चलनाचा आकार आणि इथे आल्यावर करावी लागणारी जुळणी हे खर्च आणखी वेगळे. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात; त्यामुळे मागणी नोंदवण्यापूर्वी त्या दिवशीचे दर पाहून हीच मांडणी पुन्हा करावी. खोके सोडवून घेण्यासाठी ओळखपत्राची प्रतही द्यावी लागते.

‘भेट म्हणून पाठव’ हा सल्ला आजही दिला जातो. तो आता उपयोगाचा नाही. टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे यांचाच अपवाद उरला. इतर भेटवस्तूंवर पूर्ण शुल्क भरावे लागते. किंमत कमी दाखवलेली पावती जोडणे हा तर गुन्हाच; शिवाय वाटेत वाद्य फुटले, तर विम्याची भरपाईही त्याच खोट्या किमतीइतकी मिळते.

जुन्या जपानी गिटारींचे अनेकांना आकर्षण असते. त्या मागवण्यापूर्वी लक्षात घ्यावे, की वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत आणि परवान्याचा प्रश्न उद्भवू शकतो.

कुणी येणार असेल तर

बेताच्या पैशांत परदेशी गिटार परवडण्याचा खरा मार्ग म्हणजे तिथून येणारा माणूस. विमानाने परतणाऱ्या प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतचे सामान विनाशुल्क आणता येते. २०१६ च्या नियमावलीत नेपाळ, भूतान आणि म्यानमार वगळता अन्य देशांतून परतणाऱ्या भारतीय रहिवाशासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये होती. निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ताजी मर्यादा पाहावी. एकाच कुटुंबातील दोघांच्या सवलती एका वस्तूसाठी एकत्र करता येत नाहीत. खरेदीची मूळ पावती जवळ ठेवावी.

अमेरिकेत दुकानातील चिठ्ठीवर विक्रीकर नसतो. तो बिलात वाढतो आणि राज्यागणिक वेगळा असतो. युरोपीय संघात चिठ्ठीवरील किमतीत मूल्यवर्धित कर धरलेला असतो आणि संघाबाहेर राहणाऱ्या पर्यटकाला तो अटींवर परत मिळू शकतो. ब्रिटनने ही सवलत २०२१ पासून बंद केली. लंडनहून आणायची असेल, तर परताव्याचा हिशेब धरू नये.

गिटार विमानात नेण्याचा प्रश्न उरतो. वरच्या कप्प्यात जागा असल्यास लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावे, असा नियम अमेरिकी विमान कंपन्यांना २०१५ पासून लागू आहे. अन्य कंपन्यांचे नियम वेगळे असतात. तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे. सामानकक्षात द्यावी लागली, तर कठीण पेटी हवी. तारा थोड्या सैल कराव्यात. मान आणि खुंट्यांचा भाग पेटीत हलणार नाही असा कपड्यांनी टेकवावा, कारण धक्क्याने गिटार तिथेच मोडते.

अॅम्प्लिफायर मात्र तिकडून आणू नये. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. बॅटरीवर चालणाऱ्या गिटारला ही अडचण नाही.

लाकडाचा कायदा

गिटारमध्ये वापरले जाणारे शिसवी लाकूड आंतरराष्ट्रीय संरक्षणाखाली आहे. भारतीय शिसवासह त्या कुळातील सर्व जातींवर जानेवारी २०१७ मध्ये निर्बंध आले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला ही सूट नाही. १९९२ पासून तो सर्वांत कडक यादीत आहे. नव्या, स्वस्त गिटारीत तो आढळत नाही. जुन्या गिटारीत असू शकतो, त्याचप्रमाणे जुन्या सॅडलमध्ये हस्तिदंतही. असे वाद्य कागदपत्रांविना सीमेवर अडकते.

घरी आल्यावर

थंड विमानातून आलेली पेटी लगेच उघडू नये. एक दिवस घरातील हवेत बंद ठेवावी. एकदम उष्ण, दमट हवा लागल्यास लाकडावरील थराला तडे जाऊ शकतात. त्यानंतर मान सरळ आहे का, तारा फार उंच नाहीत ना, प्रत्येक फ्रेटवर स्वर स्वच्छ येतो का, हे पाहावे. मग केबल जोडून सहाही तारांचा आवाज सारखा येतो का ते ऐकावे. एखादी तार दबलेली वाटली, तर सॅडल नीट बसलेले नसते. जाणकार कारागीर हे थोड्या वेळात दुरुस्त करतो.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात अखंड तक्ता फुगतो आणि तारा वर जातात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो आकसतो. म्हणून गिटार पेटीत ठेवावी आणि पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. वापरून झाल्यावर केबल काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली, तर बहुतेक प्रीअॅम्प चालूच राहतात आणि बॅटरी संपते.

हमीचा मुद्दा शेवटचा, पण महत्त्वाचा. अनेक कंपन्यांची हमी अधिकृत विक्रेत्याकडून, त्याच देशात घेतलेल्या वाद्यापुरती असते. सदोष गिटार परत पाठवायची, तर २३ किलोचे भाडे पुन्हा भरावे लागते. त्यामुळे ठोकताळा साधा आहे. येणारे माणूस खात्रीचे असेल आणि त्याने दुकानात वाजवून निवडली असेल, तर परदेशी गिटार घ्यावी. एरवी तेवढ्याच पैशांत इथल्या दुकानात बसून, तासभर वाजवून, अखंड तक्त्याची गिटार घेणे अधिक फायद्याचे ठरते.