गाडी खाली बसवणारे हात

मोटार जन्मली तीच उंच. तिचे पूर्वज घोडागाड्या आणि रस्तेही त्यांच्याचसाठी केलेले. दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल, त्यावर कमानपाटे, पाट्यांवर चॅसी, चॅसीवर इंजिन आणि त्याहून वर माणसं, अशी सगळी चळत एकावर एक रचलेली असायची. ही रचना उलटी करून पाहायचं धाडस ज्यांनी केलं, त्यांत इंडियानापोलिसची एक कंपनी होती. १९०७च्या सुमारास तिने काढलेल्या ‘अमेरिकन अंडरस्लंग’ गाडीची चॅसी अ‍ॅक्सलवर ठेवलेली नव्हती, अ‍ॅक्सलच्या खाली टांगलेली होती. पोट रस्त्याला घासू नये म्हणून चाकं मोठाली दिली होती. १९१४च्या आसपास ती कंपनी बुडाली. पुढे १९२२मध्ये इटलीत लान्चियाने ‘लॅम्बडा’ आणली. तिला वेगळी चॅसीच नव्हती, पत्र्याचं अंगच भार पेलत होतं, त्यामुळे माणसं अ‍ॅक्सलच्या वर बसण्याऐवजी गाडीच्या पोटात बसू लागली.

पण हे झाले कारखाने. घरासमोर जॅक लावून, मित्राला हाताशी धरून स्वतःची गाडी दोन बोटं खाली बसवायची, या हौसेचं कूळ वेगळं आहे. ते दक्षिण कॅलिफोर्नियात सापडतं.

१९३०च्या दशकात तिथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर शर्यतीला जात. मैलोन्‌मैल सपाट, टणक माती. फोर्डच्या पुढच्या बाजूला एकच अखंड पोलादी अ‍ॅक्सल आणि त्यावर आडवा पाटा. गाडीचं नाक खाली आणायचं तर अ‍ॅक्सल भट्टीत लाल करून त्याची टोकं वर वळवायची; चाकं होती तिथेच राहत आणि मधला भाग, पर्यायाने गाडी, खाली येई. हे लोहाराचं काम. ते घरी जमणारं नव्हतं.

घरी जमेल अशी वस्तू खुद्द कारखान्यांनीच पुरवली. १९३४च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली. कॅडिलॅकसाठी मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने हे काम केलं होतं, आणि त्यात पाट्याच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग आली. ऑलीला हवा होता मागच्या सीटवरच्या माणसाचा आराम. पण पाटा आणि गुंडाळी यांत एक मोठा फरक आहे. पाटा कापला तर तो चॅसीला जोडायचीच पंचाईत. गुंडाळीचा मात्र एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग पुन्हा जागेवर बसते. एक करवत, एक दुपार, आणि गाडी खाली.

हे पुरतं ओळखलं ते पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या हाती थोडा पैसा आला आणि दहा-दहा वर्षं जुन्या शेवरोले स्वस्तात मिळू लागल्या. तळ्यावरच्या गोऱ्या पोरांना वेग हवा होता. यांना नको होता. रविवारी संध्याकाळी चकचकीत गाडीत घरची माणसं घेऊन आपल्याच वस्तीतल्या रस्त्यावरून, सगळ्यांना दिसेल अशा बेताने, सावकाश जायचं. गाडी जितकी खाली तितकी तिची शान मोठी. काही जण डिकीत वाळूची पोती टाकत. काही जण पुढच्या स्प्रिंगचे वेढे कापत. मागे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून गेलेले असत. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळला की गाडी ठोकळ्याच्या जाडीइतकी खाली. हा ठोकळा आजही विकत मिळतो.

आणखी एक रीत होती, तिच्याबद्दल मला बजावून सांगावंसं वाटतं, कारण ती अजून मेलेली नाही. स्प्रिंग गाडीतच ठेवायची आणि गॅसच्या ज्योतीने तिचे वेढे तापवायचे. लाल झालेलं पोलाद गाडीच्या वजनाने खाली बसतं. दहा मिनिटांत काम होतं आणि स्प्रिंग संपते. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून लवचीक केलेलं असतं. उघड्या ज्योतीत तो गुण जातो. एक भाग मऊ, शेजारचा कडक, आणि मधे तडा जायला मोकळी जागा. कापण्यात निदान गणित तरी आहे. स्प्रिंगचा ताठपणा कामाच्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठातला एक वेढा काढला तर ती सुमारे १४ टक्के ताठ होते, आणि ते सोयीचंच, कारण गाडी खाली आली की चाकाला वर जायला जागाही कमी उरते. ज्योतीने हाती काय उरतं ते कुणालाच सांगता येत नाही.

१९५८मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. वाहन संहितेच्या २४००८व्या कलमाने ठरवलं, की मूळ रचना बदललेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्याला समजावण्यासारखं कारण होतं: टायर फुटला, गाडी रिमवर आली, तर तिचं पोट रस्त्यावर टेकू नये. पण रस्त्यात थांबवली जाणारी माणसं बहुतेक एकाच समाजाची होती, हेही तितकंच खरं. दंडाच्या पावत्या जमू लागल्या.

त्यातून जे निघालं ते या कुळातलं सगळ्यात देखणं पान आहे, आणि ते एका स्पोर्ट्‌स कारवर लिहिलं गेलं. रॉन अगिर्रे या तरुणाकडे १९५७ची शेवरोले कॉर्व्हेट होती. फायबरग्लासच्या अंगाची, दोन माणसांची, मुळातच बुटकी. त्याने ती आणखी बुटकी केली होती, आणि पोलिस त्याला थांबवत होते. युद्ध संपून चौदा वर्षं झाली होती. विमानांतले हायड्रॉलिक पंप आणि झडपा भंगारात मुबलक मिळत. अगिर्रेने वडिलांच्या मदतीने हे सामान कॉर्व्हेटच्या सस्पेन्शनला जोडलं. बटण दाबलं की तेलाच्या दाबाने गाडी वर, सोडलं की खाली. समोर पोलिस दिसला की गाडी कायद्यात बसलेली, तो गेला की पुन्हा रस्त्याला टेकलेली. ‘एक्स-सॉनिक’ नावाने ही गाडी गाजली. स्थिर उंचीवर बंदी आली म्हणून उंचीच हलती झाली. नंतर १९६४च्या इम्पाला गाड्या नाचू-उड्या मारू लागल्या त्याचं मूळ इथे आहे. आणि मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते एवढंच, की कुठल्याही संशोधन विभागाशिवाय, भंगारातल्या सुट्या भागांतून बाप-लेकाने ते करून दाखवलं.

इम्पाला आपल्या वाटेने गेल्या. घरी स्पोर्ट्‌स कार खाली बसवण्याच्या छंदाला दुसरा मोठा रेटा मिळाला तो १९७०च्या दशकात, आणि तोही कायद्यानेच दिला. अमेरिकेने बंपरचे आणि दिव्यांच्या उंचीचे नवे नियम आणले. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला बनणारी एमजीबी १९६२पासून अमेरिकेत धडाक्याने खपत होती. दिवे नियमाच्या उंचीत आणायला गाडीचं तोंड नव्याने घडवण्याइतका पैसा ब्रिटिश लेलँडकडे नव्हता. त्यांनी १९७४च्या शेवटी पुढेमागे काळ्या रबराचे जाडजूड बंपर बसवले आणि सगळी गाडीच एक-दीड इंच उचलली. त्यातच पैसे वाचवण्यासाठी पुढचा अँटीरोल बारही काढून टाकला. वळणावर झुकणारी, लडबडणारी अशी गाडी झाली ती. १९७७च्या मॉडेलपासून अँटीरोल बार पुढे-मागे मिळाले आणि दुखणं थोडं हलकं झालं; उंची तशीच राहिली. म्हणून मालकांनी पाने हातात घेतले. पुढे आखूड स्प्रिंगा, मागे तोच लॉस एंजेलिसच्या गल्लीतला ठोकळा. फरक इतकाच, की हे लोक गाडी बदलत नव्हते, तिची मूळ उंची तिला परत करत होते.

पोर्शे ९११चंही तसंच. अमेरिकेत पाठवल्या जाणाऱ्या ९११ युरोपातल्यांपेक्षा उंच बसवलेल्या असत. आजही तिथला ९११वाला ‘युरो हाइट’ म्हणतो तेव्हा त्याला ही हरवलेली उंची म्हणायची असते. ती घरी कशी मिळवायची हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण १९८९पर्यंतच्या ९११मध्ये गुंडाळीची स्प्रिंग नाही आणि कापण्याजोगं काही नाही. तिथे आहे टॉर्शन बार: पोलादाची सरळ कांब. तिचं एक टोक गाडीत पक्कं, दुसरं चाकाच्या हाताला जोडलेलं. चाक वर गेलं की कांब पिळली जाते आणि पिळाच्या ताकदीने चाकाला परत ढकलते. ही कल्पना फर्डिनांड पोर्शेंच्या कचेरीने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणली आणि फोक्सवॅगन बीटलमध्ये वापरली.

पुढची बाजू सोपी. तिथल्या कांबेला एक स्क्रू आहे. तो सैल केला की नाक खाली. मागे मात्र कांब बाहेर काढावी लागते. काढून हातात घेतली की दिसतं, दोन्ही टोकांना दाते आहेत, पण सारखे नाहीत. आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. म्हणजे आत एक दाता सरकवला तर ९ अंश फिरते. बाहेर एक दाता सरकवला तर सुमारे ८.१८ अंश. आता आत एका दिशेने एक दाता आणि बाहेर उलट दिशेने एक दाता सरकवा. उरतो फक्त ०.८२ अंशाचा फरक. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी व्हर्निअर कॅलिपर वापरला असेल, त्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. दोन ढोबळ मापांच्या वजाबाकीतून सूक्ष्म माप. जाड पोलादी कांबेत, ग्रीसने माखलेल्या दात्यांमध्ये ती अशी लपवून ठेवलेली आहे. मालक दोन्ही टोकांना रंगाची खूण करतात, वहीत दाते लिहून ठेवतात, जोडतात, गाडी जॅकवरून उतरवतात, मोजतात, आणि अंदाज चुकला तर पुन्हा सगळं उघडतात.

या सगळ्या खटाटोपातून मिळतं काय? दिसण्याचा भाग सोडला तर हिशेब असा. समजा गाडी १००० किलोची, डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर. वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ती बाहेर फेकली जात असेल, तर आतल्या चाकांवरचा सुमारे २८५ किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली तर २६८-२६९ किलो जातो. सतरा किलोंचा फरक, सहा टक्के. शर्यतीत हे पुष्कळ आहे. घर ते ऑफिस या वाटेवर ते जाणवणारही नाही. लोकांना जो फरक जाणवतो तो बहुतेक आखूड स्प्रिंग ताठही असते म्हणून.

आणि अति केलं तर उलटं होतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात खालचा हात बाहेरच्या टोकाला किंचित उतरता असतो. गाडी फार खाली आणली की तो आडवा होतो, मग वर चढू लागतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा भरभर खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. परिणाम असा, की जमिनीला चिकटलेली दिसणारी गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकायला बघते. भरीला शॉकअप तळाला आपटतात, टायर आतल्या कडेने झिजतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देतं. म्हणून जाणकार तीन-चार सेंटिमीटरवर थांबतात. हे थांबणंच मला या कामातलं खरं कसब वाटतं.

आपल्याकडे ही हौस पुण्या-मुंबईत आहे, गोव्यातही आहे, पण तिची वाट अवघड. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ऐसपैस उताराचा हवा. तसा तो असता तर बुटकी गाडीही आरामात गेली असती. प्रत्यक्षात गल्लीतला गतिरोधक रुंदीला हातभर आणि उंचीला मनास येईल तेवढा असतो. शिवाय जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सांगितलं, की उत्पादकाने मूळ नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. त्यामुळे इथे स्प्रिंगला हात लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं. नुकसान झाल्यावर विचारून उपयोग नाही.

तिकडे कॅलिफोर्नियाने मात्र माघार घेतली. १ जानेवारी २०२४पासून नवा कायदा लागू झाला. बुटक्या गाड्यांवरची ती जुनी बंदी उठली आणि रस्त्यावरून सावकाश फेऱ्या मारण्यावर शहरांनी घातलेल्या बंदीही गेल्या. अगिर्रेच्या कॉर्व्हेटला ज्या नियमापायी पंप बसले, तो पासष्ट वर्षं टिकला होता.

आता घरी हे काम करणारा बहुधा कॉइलओव्हर घेतो. शॉकअपच्या अंगावर आटे, त्यावर स्प्रिंगची बैठक, आणि आकड्याच्या पान्याने ती बैठक फिरवली की उंची मिलिमीटरने कमी-जास्त. करवत मागे पडली, ठोकळाही मागे पडला, ज्योत तर जायलाच हवी. जोखीम गेलेली नाही. जुनी स्प्रिंग काढताना ती दाबलेली असते, आणि सुटली तर माणसाचा हात किंवा जबडा मोडण्याइतका जोर तिच्यात असतो. म्हणून स्प्रिंग दाबायची चांगली साधनं हवीत आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर, म्हणजे अ‍ॅक्सल स्टँडवर, ठेवायला हवी. खाली उतरवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून स्प्रिंगा बसू द्यायच्या. मग चालकाच्या सीटवर चालकाइतकं वजन ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजायचं. त्यानंतर अलाइनमेंट, आणि दिव्यांचे झोतही पुन्हा लावून घ्यायचे, कारण पुढची बाजू मागच्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त उतरली तरी झोत रस्त्यावर बराच जवळ पडू लागतो.