गाडीसाठी नवे टायर कसे निवडावेत?

चालत्या गाडीच्या प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. ब्रेक, वळण आणि गाडीचे वजन असा सगळा भार त्याच भागावर येतो. टायर बदलताना बहुतेक जण आधी किंमत आणि ब्रँड पाहतात. पण गाडीला कोणता टायर बसतो आणि ती बहुतेक वेळा कोणत्या रस्त्यावर धावते, हे दोन प्रश्न त्याआधी सोडवायला हवेत.

टायरवरील आकडे

समजा टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे छापलेले आहे. त्यात १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक असून असा एक टायर ५६० किलोपर्यंत वजन पेलू शकतो. ‘एच’ ही वेगमर्यादा, म्हणजे ताशी २१० किलोमीटर.

नव्या टायरचा भारांक आणि वेगाचे अक्षर गाडीच्या कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी दर्जाचे नसावे. योग्य आकार गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेला असतो.

रुंद टायर घालण्याचा मोह

‘एक साइज मोठा घाला, गाडी रुबाबदार दिसते’ असा सल्ला अनेकदा मिळतो. वरच्या उदाहरणातील टायरचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर असतो. त्याजागी २०५/६५ आर १५ घातल्यास व्यास ६४८ मिलिमीटरच्या जवळ जातो, म्हणजे चार टक्क्यांनी वाढतो. आधीच्या टायरवर काटा अचूक असेल, तर आता काट्यावर ताशी १०० किलोमीटर दिसत असताना गाडी प्रत्यक्षात १०४ च्या वेगाने धावत असते. शिवाय वळताना टायर मडगार्डला घासू शकतो आणि मायलेजही कमी होते.

रस्ता कसा आहे?

शहर आणि डांबरी रस्ते : गाडीसोबत येणारे साधे रोड टायर किंवा एसयूव्हीसाठी हायवे टेरेन (एचटी) टायर पुरेसे असतात. ते आवाज कमी करतात आणि इंधन वाचवतात.

द्रुतगती मार्ग : ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे. अशा सलग वेगात कमी हवेचा टायर सतत दबतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. म्हणून येथे टायरच्या प्रकाराइतकेच त्याचे वय आणि हवेचा दाब महत्त्वाचे.

कोकण आणि घाटरस्ते : टायरच्या खाचा रस्त्यावरचे पाणी बाजूला सारतात. खाचा उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगला प्रतिसाद मिळत नाही. येथे ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टायर घ्यावा.

शेतरस्ते : विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीचा चिखल बारीक खाचांत अडकून बसतो. रोजचा प्रवास अशा वाटेने असेल तर रुंद खाचांचा ऑल टेरेन (एटी) टायर उपयोगी. मड टेरेन (एमटी) मात्र डांबरी रस्त्यावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी तो घेऊ नये.

खरेदी करताना

टायरवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी. बाजूवरील चार आकडी संख्या उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नवा म्हणून दिलेला टायर दुकानात किती काळ पडून होता, हे त्यावरून कळते.

एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच प्रकारचे असावेत. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. मागच्या टायरची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे कठीण असते. नवे टायर घातल्यावर बॅलन्सिंग करावे आणि अलाइनमेंट तपासून घ्यावी.

केव्हा बदलावेत?

मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांमधील छोटे उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली असे समजावे. ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच कमी होऊ लागते, त्यामुळे खोली तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर पावसाळ्यापूर्वीच टायर बदललेले बरे. बाजूला फुगवटा आलेला टायर लगेच काढावा. गाडी कमी धावली तरी रबर जुने होतेच. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायरची तपासणी करून घ्यावी आणि त्यात स्टेपनीही धरावी.