छप्पर नसलेलं चर्च

सीप्झमध्ये वर्षानुवर्षं नोकरी करूनही आत सोळाव्या शतकातलं एक चर्च आहे हे माहीत नसलेले बरेच लोक भेटतात. सीप्झ म्हटलं की आपल्याला आठवतं सॉफ्टवेअर, हिऱ्यांचे दागिने आणि गेटवरची तपासणी. पण हे सगळं आलं १९७३ नंतर. सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च तिथे १५७९ पासून उभं आहे!

१५३४ साली वसईबरोबर साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेलं. त्यानंतर जेसुइट पाद्रींनी कोंडिविटे गावाजवळ हे चर्च बांधलं. १७३७-३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, पुढे इंग्रज आले. राज्यं बदलली, चर्च चालूच राहिलं. ते बंद पडलं साथीमुळे. १८४० च्या सुमारास परिसरात रोगराई पसरली आणि लोक मरोळला हलले. जाताना मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड, इतकंच काय, खांबसुद्धा नव्या चर्चसाठी घेऊन गेले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डेटा मायग्रेट झाला, सर्व्हर तिथेच राहिला.

म्हणजे श्रद्धा मरोळला जिवंत राहिली आणि इमारत जंगलात गेली. छप्पर पडलं, भिंतींवर झाडं चढली. नंतर आजूबाजूची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि चर्च कुंपणाच्या आत अडकलं. ज्यांचे पूर्वज तिथे बाप्तिस्मा घेत होते, त्यांनाच आत जायला परवानगी काढायची वेळ आली. हे लोक ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी, पण घरची बोली मराठी, आणि इथल्या गावठाणांचे मूळ रहिवासी. तरीही त्यांनी ही जागा सोडली नाही. मे महिन्यात या भग्न भिंतींमध्ये, उघड्या आभाळाखाली मिस्सा होत आली आहे. बाकी वर्षभर शांतता.

आता प्रश्न असा, की हे चर्च दुरुस्त करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नवं छप्पर, टाइल्स, गुळगुळीत प्लास्टर? मला तरी ते पटत नाही. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापलं की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दगड आतून खराब होत जातो. पिंपळ नुसता वरून छाटला तर पुन्हा फुटतो, मुळं सांध्यात शिरून भिंत फोडतात. तेव्हा मुळं नीट काढा, सांधे चुन्यानेच भरा, पावसाचं पाणी बाहेर काढा. एवढंच, पण दर वर्षी. आपण ज्याला मेंटेनन्स म्हणतो आणि ज्याला बजेट कधीच मिळत नाही, ते!

पण याहून मोठी दुरुस्ती गेटवरची आहे. वर्षातून एकदा मिस्सा झाली तर ती आठवण राहते, सवय होत नाही. मरोळच्या एखाद्या आजीला नातवंडांना घेऊन अधूनमधून सहज तिथे जाता आलं पाहिजे. भिंती चुन्याने टिकतील हो, पण त्या कोणाच्या आहेत हे त्या पोरांना कोण सांगणार?

वर्सोव्याहून मेट्रोने मरोळ नाक्याला उतरायचं, तिथे लाइन बदलली की थेट सीप्झ स्टेशन. चारशे वर्षांहून जुनी वास्तू आता मेट्रोच्या टप्प्यात आली आहे. अडलंय ते शेवटच्या गेटपाशी.