अरे, घर का हलतंय?

आमच्या गुहागरकडच्या घराचं हवेतून घेतलेलं एकच फुटेज आहे. २ मिनिटं ४० सेकंदांचं. मित्राने सुटे भाग आणून जोडलेला ड्रोन आम्ही मे महिन्यात तिकडे नेला होता. कॅमेरा त्याच्या सांगाड्याला घट्ट आवळून बसवलेला. उडवताना सगळं झकास वाटलं. रात्री माजघरात बसून मोबाइलवर बघितलं, तर चिऱ्याच्या भिंती जेलीसारख्या थरथरतायत, माड मधूनच वाकडे होतायत आणि कौलांवरून लाटा जातायत. आजीने चष्मा सावरत विचारलं, "अरे, घर का हलतंय?"

आम्ही हसलो. पुढच्या वर्षी येऊन नीट शूट करू म्हणालो. पुढच्या वर्षापर्यंत घर राहिलं नाही. वाटण्या झाल्या, जागा विकली गेली, नव्या मालकाने जुनं बांधकाम उतरवलं. आजी आता डोंबिवलीत काकाकडे असते. या दिवाळीत तिने विचारलं, "तो तुझा घराचा सिनेमा आहे का रे अजून?"

आहे म्हटलं, आणि दुरुस्त करायला बसलो. पण दुरुस्त करायचं तर आधी बिघडलंय काय ते कळायला हवं. ते शोधता शोधता १९१३ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधल्या आमियांला मोटारींची ग्रां प्री शर्यत होती. झाक-आंरी लार्तीग नावाचा १९ वर्षांचा मुलगा रस्त्याकडेला कॅमेरा घेऊन उभा होता. गाडी सुसाट आली, तसा त्याने कॅमेराही तिच्याबरोबर फिरवला आणि फोटो घेतला. काचेच्या प्लेटवर उमटलं ते विचित्रच होतं. गाडीचं चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलेलं, मागचे प्रेक्षक आणि खांब उलट दिशेला कललेले, आणि गाडी तर पूर्ण चौकटीत मावलेलीही नाही. फोटो फसला असं समजून त्याने तो बाजूला ठेवला.

असं का झालं? त्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक पडदा आणि त्यात एक अरुंद फट. ही फट प्लेटवरून सरकत जाते आणि दृश्य पट्टीपट्टीने उमटतं. आधी चाकाचा तळ, मग मधला भाग, शेवटी माथा. तळ उमटल्यापासून माथा उमटेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, म्हणून चाक पुढे झुकतं. कॅमेराही फिरत होता, म्हणून जागच्या जागी उभी असलेली माणसं मागे कलली. स्कॅनर चालू असताना कागद हळूच ओढून बघा. अक्षरं अशीच तिरपी येतील.

१९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तीगच्या छायाचित्रांचं प्रदर्शन झालं, तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. आज वेगाचं चित्र म्हणून जगभर जे फोटो दाखवतात, त्यात हा 'फसलेला' फोटो हमखास असतो.

तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये तो पडदा नाही, पण खोड तीच आहे. त्यातला सीमॉस सेन्सर अख्खी फ्रेम एकदम वाचत नाही, एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. आता ड्रोनचा पंखा समजा मिनिटाला १२,००० फेरे घेतोय, म्हणजे सेकंदाला २००. सेन्सरला एक फ्रेम वाचायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर तेवढ्या वेळात पंखा ४ वेळा फिरतो. पंख्याचं एक पातं जरा जरी जड असलं तर कॅमेऱ्याला ४ हिसके बसतात, आणि आमच्या सरळ भिंतीत ४ लाटा उठतात.

हवेतून स्थिर चित्र घ्यायची धडपड ड्रोनच्या कितीतरी आधीची आहे. 'द रेड बलून' करणारा फ्रेंच दिग्दर्शक अल्बेर लामोरीस याने हेलिकॉप्टरची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून 'हेलिव्हिजन' नावाची यंत्रणा तयार केली. १९६० साली आलेला त्याचा बलूनच्या प्रवासाचा सिनेमा तिच्याच जोरावर झाला. १९७० मध्ये इराणवर माहितीपट करताना हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. बायको आणि मुलाने त्याच्या टिपणांवरून तो सिनेमा पूर्ण केला आणि १९७८ मध्ये लोकांसमोर आणला. ही गोष्ट वाचल्यावर मी काही वेळ लॅपटॉप मिटून ठेवला. माझ्या कामात तसला कुठलाच धोका नव्हता. पण दुसऱ्या कुणासाठी चित्र पूर्ण करणं म्हणजे काय, ते थोडं कळलं.

लामोरीसची युक्ती आजही चालते. पंख्यांचा तोल साधायचा, हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, कॅमेऱ्याखाली मऊ रबर घालायचं. पण हे सगळं उडवण्याआधीचं. आधीच घेतलेल्या फुटेजला रबर लावता येत नाही. तिथे एकच उपाय उरतो: कॅमेरा कोणत्या क्षणी किती वळला याचा हिशोब मिळवायचा आणि तेवढीच ओळ उलटी वळवायची.

हा हिशोब ठेवणारं यंत्र म्हणजे जायरोस्कोप. त्याला हे नाव लेओं फूकोने १८५२ मध्ये दिलं. पृथ्वी फिरते हे त्याला खोलीत बसून दाखवायचं होतं, त्यासाठी त्याने वेगाने फिरणारं चाक वापरलं. मोबाइलमधल्या जायरोस्कोपमध्ये चाक नसतं, सतत कंप पावणारा सिलिकॉनचा सूक्ष्म भाग असतो. २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये तो आला आणि २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की व्हिडिओबरोबर जायरोस्कोपचे आकडेही नोंदवले तर थरथर आणि रोलिंग शटरचा वाकडेपणा दोन्ही काढता येतात.

आमच्या ड्रोनच्या कंट्रोलरमध्ये त्या दिवशीची जायरोस्कोपची नोंद शाबूत होती. जायरोफ्लो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि नोंद एकमेकांशी जुळवली. सेन्सर एक फ्रेम किती वेळात वाचतो हा आकडा चुकला की भिंती तिरप्या, जुळला की सरळ. रात्री दीडच्या सुमाराला पडवीचे खांब सरळ उभे राहिले. ड्रोनने जोर घेतला त्या जागी बारीक लाटा राहिल्या, पण घर आमचंच होतं.

पण आजी दिसेना. चित्र स्थिर करताना प्रत्येक फ्रेम थोडी फिरवावी लागते. मग कडेला काळ्या रिकाम्या जागा येतात, त्या झाकायला सॉफ्टवेअर झूम करतं. आणि आजी होती अगदी कडेला, तुळशी वृंदावनाशी, कपाळावर हात धरून वर बघत. झूम काढला तर चित्राभोवती काळ्या कडा नाचायला लागायच्या.

शेवटी मी दोन कामं वेगळी केली. ओळींचा वाकडेपणा सगळीकडे काढला. कॅमेऱ्याचं डुलणं मात्र आजी दिसते त्या ११ सेकंदांत तसंच ठेवलं. तेवढ्यापुरता झूम जवळजवळ लागलाच नाही.

डोंबिवलीला जाऊन दाखवलं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. वृंदावनाशी आल्यावर "थांबव, थांबव" म्हणाली आणि स्वतःकडे बघत बसली. मग पुन्हा चालू करायला लावलं.

"आता घर नाही हलत," ती म्हणाली. "तुझं विमानच हलतंय."